आईला सांगितलेली थाप

मागच्या सप्टेंबरात आईने मला भिशीत साक्षीला उभं केलं. साताऱ्यात दुपारचे साडेचार, इथे इंग्लंडात इप्स्विचमध्ये बारा वाजलेले, मी भाजीला फोडणी घालत होते आणि व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर आधी नुसता पंखा, मग आईची हनुवटी, मग एकदम सात-आठ बायका दाटीवाटीने, कुणाच्या हातात साबुदाणा वड्याची प्लेट. "सांग गं यांना," आई म्हणाली, "त्या चर्चमधल्या देवदूतांच्या अंगावर गोळ्यांची भोकं आहेत की नाही?" मी म्हटलं आहेत. "आणि त्या कुणी घातल्या? त्या क्रॉमवेलच्या शिपायांनी ना?" तेल तापलं होतं, मोहरी तडतडायला लागली होती, सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं हो. आई जिंकल्यासारखी हसली आणि फोन परत पंख्याकडे वळला.

मोहरी करपली. पण ते जाऊ दे, खरी गोष्ट अशी की त्या गोळ्या क्रॉमवेलच्या, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढलेल्या त्या सेनापतीच्या, शिपायांनी घातलेल्या नव्हत्या आणि हे मला त्या कॉलच्या दोनच दिवस आधी कळलं होतं.

ते चर्च म्हणजे ब्लायबर्गचं होली ट्रिनिटी. इप्स्विचहून ए-बारा रस्त्याने वर निघालं की मार्टलशम लागतं, तिथे नवऱ्याचं ऑफिस, तिथवर सगळे आपलेच लोक, सकाळच्या ट्रॅफिकमध्ये निम्म्या गाड्यांच्या आरशाला गणपती लटकलेला असतो. त्याच्या पुढे मात्र हळूहळू सगळं मोकळं होत जातं. वुडब्रिज, सॅक्समंडम, यॉक्सफर्ड, मग माळरान, आणि माळावर ओळीने पत्र्याची अर्धगोल घरं दिसतात, ती डुकरांची. मे महिन्यात आई आली होती तेव्हा मी तिला इकडे घेऊन आले, तर तिला वाटलं मजुरांच्या वस्त्या आहेत. तिने बराच वेळ हळहळ केली, मग एका घरातून भलीमोठी गुलाबी डुक्करीण बाहेर आली तेव्हा ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्या हसण्यातच वळण आलं आणि ते दिसलं. दलदलीच्या वर, नदीच्या खाडीकडे तोंड करून, एवढं मोठं चर्च, आणि गाव बघाल तर तीनेकशे माणसांचं. 'दलदलीतलं कॅथेड्रल' म्हणतात त्याला इथे. भरती असली की खाली सगळं पाणी चकाकतं, ओहोटीला नुसता करडा चिखल, त्यात कुजके खांब आणि खारट, थोडासा सडका वास. आई म्हणाली, "एवढ्या मोठ्या देवळाला एवढंसं गाव?" हा प्रश्न अगदी बरोबर होता, फक्त उलटा विचारायला हवा होता, एवढ्याशा गावाने एवढं मोठं देऊळ बांधलं कसं.

तर एके काळी हे बंदर होतं. जहाजं थेट इथवर यायची, बाजार होता, मठ होता, मासे आणि लोकरीचा पैसा होता. चर्चचा मनोरा चौदाव्या शतकातला, आणि बाकीचं जवळपास सगळं पंधराव्या शतकात नव्याने बांधलेलं. मग नदी गाळाने भरत गेली, जहाजं मोठी होत गेली आणि वर येईनाशी झाली, आठव्या हेन्रीने देशभरचे मठ बंद केले त्यात इथलाही गेला. माणसं पांगली. मागे राहिलं ते हे धूड, आणि त्याची देखभाल करायला मूठभर शेतकरी. या गोष्टीत पुढे जे जे होतं ना, ते सगळं याच एका कारणाने होतं असं मला आता वाटतं. पण तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होती फक्त बंदुकीची गोष्ट, आणि तीसुद्धा नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने पॉटलकला सांगितलेली, पनीर टिक्का खाता खाता.

दाराशी आईने चपला काढल्या.

मी म्हटलं, "आई, इथे नाही काढत." ती म्हणाली, "देवाचं घर आहे ना?" आणि मोज्यांनीच आत गेली. खाली विटांची फरशी आहे, जुनी, झिजलेली, कुठे वर आलेली कुठे खचलेली, मे महिन्यातसुद्धा गार. मला त्या क्षणी लाज वाटली, हे लिहिताना बरं वाटत नाहीये पण वाटली. आत फुलदाण्यांतलं पाणी बदलणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी आईच्या पायांकडे पाहिलं आणि जाऊन कुठल्याशा बाकावरची एक विणलेली गुडघेटेक उशी आणून आईसमोर ठेवली, पाय ठेवायला. आईने तिला नमस्कार केला आणि उशीवर पाय न ठेवता ती उचलून मांडीवर घेतली, कारण त्यावर क्रॉस विणलेला होता. मग दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी मध्ये उभी, मला कुणी विचारतच नव्हतं.

आत काय आहे तर उजेड. मी इथली बरीच चर्चं पाहिलीत, बहुतेकांत शिरलं की डोळे सरावायला वेळ लागतो, रंगीत काचा, काळपट लाकूड, ओल. हे तसं नाही. वरच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी अठरा-अठरा खिडक्या, एकीला एक लागून, आणि जवळपास सगळ्या साध्या पांढऱ्या काचेच्या, कारण रंगीत काच फोडून झाली, वरच्या टोकांत तेवढे तुकडे उरलेत. म्हणजे हा जो उजेड आपल्याला एवढा आवडतो तो तोडफोडीचा उजेड आहे. मधे कुठे कमान नाही, आडोसा नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग छत. आणि त्या छताच्या मधोमध, पाठीला पाठ लावून, लाकडाचे देवदूत. पंख पसरलेले, हातात ढाली. छत मुळात पांढरं रंगवलेलं, त्यावर लाल-हिरव्या फुलांची नक्षी आणि येशूच्या नावाची अक्षरं, आता सगळं विटून जुन्या गोधडीसारखं झालंय. पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वीचा तोच रंग, वर दुसरा हात दिलेला नाही. मान दुखेपर्यंत बघत राहतो माणूस. चेहरे फार सुंदर आहेत असं नाही हं, काही तर साफ झिजलेत, एकाचं नाकच नाही, पंखांच्या कडा खाल्लेल्या. सुतारांनी केलेले देवदूत आहेत, शिल्पकारांनी नाही. पण खालून बघितलं की वाटतं आत्ता सगळे एकदम उडतील आणि छप्पर घेऊन जातील.

आई घंटा शोधत होती. सवयीने हात वर गेला होता तिचा. आणि गंमत म्हणजे घंटा आहे तिथे! पुढे एका बाजूला लाकडी पुतळा आहे, दाढीवाला, हातात कुऱ्हाडीसारखं काहीतरी, शेजारी घंटा. १६८२ सालचा, घड्याळाचे ठोके द्यायला केलेला. आता प्रार्थना सुरू होताना दोरी ओढतात आणि तो घंटा मारतो. म्हाताऱ्या बाईंनी आईला ओढू दिली दोरी. टण्ण. आईच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला विमानतळावर मला भेटताना पण आलं नव्हतं.

तर अशा सगळ्या वातावरणात मी तिला ती गोष्ट सांगितली. वर बोट दाखवून, आवाज खाली आणून, अगदी गाइडसारखी. की बघ, त्या पंखांवर बारीक भोकं आहेत, क्रॉमवेलचे लोक आले, त्यांना मूर्ती चालत नव्हत्या, त्यांनी घोडे आणून या खांबांना बांधले, हे बघ कडे अजून आहेत, आणि खाली उभं राहून देवदूतांवर गोळ्या झाडल्या. आई पुटपुटली, "अगं बाई." आणि मग हळूच, "म्हणजे यांच्यातसुद्धा?" त्या 'यांच्यातसुद्धा'त काय काय होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. आपल्याकडे कुठल्याही देवळात फुटकी मूर्ती दिसली की गाइड एकच उत्तर देतो, आणि आपणही ते एकच उत्तर ऐकायला तयार होऊन गेलेलो असतो.

निघताना मी पेटीत पैसे टाकले आणि एक माहितीपुस्तिका घेतली. गाडीच्या दाराच्या खणात कोंबली. तिथे ती पार्किंगच्या चिठ्ठ्या आणि चिकट झालेल्या आल्याच्या वड्यांसोबत चार महिने पडून होती. आई परत गेली. सप्टेंबरात टायर पंक्चर झालं, रिकव्हरीची वाट बघत रस्त्याच्या कडेला दीड तास, फोनची बॅटरी चार टक्के, म्हणून ती वाचली. आणि त्यात एका परिच्छेदात, काही विशेष नसल्यासारखं लिहिलेलं की देवदूतांच्या लाकडात जे शिशाचे छर्रे सापडले ते सतराव्या शतकातले नाहीतच, नंतरचे आहेत. आणि १७६१ सालच्या चर्चच्या हिशोबात दारू-छर्र्यांचा खर्च मांडलेला आहे. छतात शिरलेल्या जॅकडॉंना मारायला.

जॅकडॉ म्हणजे कावळा. म्हणजे अगदी आपला कावळा नाही, त्याचा धाकटा भाऊ म्हणा, मानेला राखाडी, डोळा पांढरट आणि नजर अशी की तुमच्याकडून येणं बाकी आहे. चिमण्यांमध्ये (धुरांड्यांमध्ये, पक्षी नव्हे), मनोऱ्यांमध्ये काटक्या कोंबून घरटी करतो. आमच्या घरमालकाने दोन वर्षांपूर्वी धुरांडं साफ करून घेतलं तेव्हा दोन पोती काटक्या निघाल्या. तर छप्पर गळतंय, खिडक्या फुटल्यात, वर कावळ्यांनी संसार मांडलाय, खाली बाकांवर आणि लोकांवर घाण पडते, आणि गावातली चार माणसं बंदुका घेऊन उभी राहतात. वर कावळे, कावळ्यांच्या मागे देवदूत. छर्रे काही माणूस बघून लागत नाहीत.

हे वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर निराशा. खरंच. इतकी छान गोष्ट होती.

मग मी वाचत सुटले, कारण मला कुठेतरी आशा होती की निदान कुणीतरी तरी आलं असेल. आणि आला होता! विल्यम डाउझिंग. हा याच सफोक परगण्यातला, लॅक्सफिल्डचा, म्हणजे ब्लायबर्गहून फार लांबचा नाही, शेतकरी घरातला. क्रॉमवेलने नाही, अर्ल ऑफ मँचेस्टरने १६४३च्या डिसेंबरात त्याला नेमलं, की जा आणि चर्चमधल्या अंधश्रद्धेच्या वस्तू काढून टाक. पुढच्या नऊ-दहा महिन्यांत त्याने एकट्या सफोकमध्ये दीडशेच्या आसपास चर्चं पालथी घातली. आणि हा माणूस रोजनिशी लिहायचा. एखाद्या तलाठ्याने पंचनामा लिहावा तशी, अमुक गावी इतकी चित्रं फोडली, इतकी फोडायला सांगितली. वर फी घ्यायचा, चर्चमागे ६ शिलिंग ८ पेन्स, त्याच गावाकडून. म्हणजे तुमच्याच खिडक्या फोडणार आणि बिल तुम्हालाच. ब्लायबर्गला तो ९ एप्रिल १६४४ला आला. वीस देवदूत उतरवायचे असं त्याने लिहून ठेवलंय, शिवाय शेकडो चित्रं, आठ दिवसांची मुदत.

आठ दिवस झाले, आठ महिने झाले, देवदूत तिथेच.

का, तर कारण साधं असणार. इतक्या उंच चढणार कोण? त्यासाठी परांची बांधायची, तिचा खर्च द्यायचा कुणी, आणि एप्रिल म्हणजे शेतीची घाई. साहेब सांगून गेले, गावाने मान डोलावली, साहेब पुढच्या गावी गेले. हे तर मी अगदी डोळ्यांसमोर बघू शकते. आमच्या आजोळी अतिक्रमण काढायची नोटीस यायची तेव्हा असंच व्हायचं, सगळे हो म्हणायचे, चहा द्यायचे. खिडक्या हाताशी होत्या त्या गेल्या, जमिनीवरच्या पितळी पट्ट्या गेल्या, देवदूत निव्वळ उंचीमुळे वाचले. आणि ज्याने अधिकृतपणे उतरवायला सांगितलं होतं त्याच्या हातून वाचलेल्या देवदूतांना पुढे एकशे सतरा वर्षांनी त्यांच्याच गावकऱ्यांनी, कुठलाही द्वेष नसताना, चर्च स्वच्छ राहावं या चांगल्या हेतूने छर्रे घातले.

मला आजोळचं मारुतीचं देऊळ आठवलं. त्याला लाकडी सभामंडप होता, काळ्या तुळया, खांबांच्या तळाला दगडी उखळासारखी बैठक, दुपारी तिथे इतकं गार असायचं की म्हातारे जेवून थेट तिथेच आडवे व्हायचे. तुळईच्या टोकाला कोरलेला एक पोपट होता, त्याची चोच मोडलेली, आम्ही पोरं म्हणायचो ही चोच पेंढाऱ्यांनी तोडली. कुणी सांगितलं होतं देव जाणे. २००६ साली जीर्णोद्धार झाला. गावाने वर्गणी काढली, मामांनी सगळ्यात जास्त दिली, आईनेही दिली. मंडप उतरवला, स्लॅब टाकला, ग्रॅनाइट, स्टीलचं रेलिंग, छताला पीओपी आणि त्यात निळे लाइट. दगडी मूर्तीला ऑइलपेंटचा शेंदरी हात. पोपट कुठे गेला ते कुणालाही माहीत नाही, बहुतेक चुलीत. आणि आई अजूनही तो नवा मंडप कौतुकाने दाखवते, तिच्या पैशाची फरशी आहे त्यात. मी तिला कधी काही बोलले नाही. काय बोलणार, त्या मंडपात डोक्यावर कौल पडून एक म्हातारी जखमी झाली होती, म्हणून तर सुरुवात झाली सगळ्याची.

ब्लायबर्गचंही असंच होणार होतं बरं का. एकोणिसाव्या शतकात छत इतकं गळायचं की पावसात लोक छत्र्या उघडून प्रार्थनेला बसायचे असं सांगतात. शेवटी १८८१ला बिशपने धोकादायक म्हणून चर्च बंद केलं. आणि तो काळ असा की इंग्लंडात जिकडेतिकडे जीर्णोद्धाराची लाट, जुनी फरशी उखडून चकचकीत टाइल, जुनी बाकं टाकून पाइनची नवी कोरी, भिंती खरवडून गुळगुळीत. विल्यम मॉरिस नावाचा कवी आणि कलाकार या प्रकाराने इतका वैतागला होता की त्याने १८७७मध्ये एक सोसायटीच काढली, जुन्या इमारती वाचवायची, तिला लोक गमतीने 'खरवडू नका' मंडळी म्हणायचे. ही मंडळी ब्लायबर्गच्या भानगडीत पडली. त्यांचं म्हणणं, नवं करू नका, आहे ते टिकवा, गळतंय तिथे बुजवा, कुजलंय तिथे तेवढाच तुकडा जोडा. गावाला आणि पाद्रीसाहेबांना ते पटलं असेल असं वाटत नाही. तुमच्या डोक्यावर पाणी पडतंय आणि लंडनहून कोणीतरी येऊन सांगतो छताच्या रंगाला हात लावू नका. मी त्या जागी असते तर मला रागच आला असता. पण त्या रस्सीखेचीमुळे आणि मुख्य म्हणजे पैसेच नव्हते म्हणून ते छत राहिलं. गरिबीने जितकी जुनी देवळं वाचवलीत तितकी कुठल्या कायद्याने वाचवली नसतील.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी एकटीच परत गेले. म्हटलं बघू तर, आता गोष्ट बदलल्यावर देवदूत वेगळे दिसतात का. ओहोटी होती, धुकं होतं, आत कुणी नव्हतं. यावेळी मी वर बघायच्या ऐवजी खालचंच बघत बसले. बाकांच्या टोकांना छोट्या लाकडी मूर्ती आहेत, वीतभर उंचीच्या, हाताळून हाताळून गुळगुळीत. माणसाची पापं कोरलीत. खादाड दोन्ही हातांनी पोट धरून बसलाय, आळशी अंथरुणातच, लोभी पैशाच्या पेटीवर ठाण मांडून, चहाडखोराची जीभ बाहेर, आणि एक ढोंगी आहे तो हात जोडून प्रार्थना करतोय पण डोळे टक्क उघडे. मे महिन्यात आईने ही बाकं बघून प्रत्येकाला नातेवाईक ठरवून टाकला होता, पोटवाला अमका, जीभवाली तमकी, मला हसू आवरत नव्हतं. आता एकटी बघताना त्या ढोंग्यापाशी जरा जास्त वेळ थांबले. 'हो, शिपायांनीच' म्हणताना माझा चेहरा असाच दिसला असेल का स्क्रीनवर.

पुढची लाकडी आसनं एके काळी शाळेची बाकं म्हणून वापरलेली, शाईच्या दौतींची भोकं अजून आहेत. एकावर नाव कोरलंय, डर्क का काहीसा, स्टॉकहोमचा, १६६५, वय १२. नीट, सावकाश कोरलेलं, कंटाळलेल्या पोरानेच कोरावं असं. त्याला छडी बसली असेल. आणि आज ते नाव दाखवायला बाण लावलेत. आम्ही लहानपणी गडावर गेलो की बाबा अशी नावं कोरणाऱ्यांना शिव्या घालायचे, आणि शिव्या घालून झाल्यावर त्यातली सगळ्यात जुनी तारीख शोधायचे.

उत्तरेकडच्या दारावर बोटांएवढे जळके डाग आहेत. ४ ऑगस्ट १५७७, रविवार, प्रार्थना चालू असताना भयंकर वादळ झालं, वीज पडली, मनोऱ्यावरचं निमुळतं शिखर कोसळलं, एक माणूस आणि एक मुलगा मेला, कितीतरी भाजले. त्याच दिवशी जवळच्या बंगेच्या चर्चमध्येही तेच, आणि तिथे म्हणे काळा कुत्रा आला होता, सैतानाच्या रूपात. मग ब्लायबर्गच्या दारावरचे डागही त्याच कुत्र्याच्या नखांचे ठरले. जुन्या दारांवर मेणबत्तीच्या ज्योतीने असे डाग मुद्दाम पाडायची पद्धत होती, आगीपासून रक्षण व्हावं म्हणून, असं जाणकार म्हणतात आणि ते पटतंही. पण मी त्या डागात बोट घातलं तेव्हा माझ्या डोक्यात मेणबत्ती नव्हती, कुत्राच होता.

फुलदाण्यांच्या बाई आल्या. ओळखलं त्यांनी, "युवर मदर?" म्हणाल्या, आणि खाली माझ्या बुटांकडे बघून हसल्या. मी त्यांना छर्र्यांचं विचारलं, की खरी गोष्ट कळल्यावर तुम्ही लोकांना काय सांगता. त्या फडक्याने बाक पुसत होत्या, पुसता पुसता म्हणाल्या की मुलांना त्या शिपायांची सांगतात आणि मोठ्यांना जॅकडॉंची, आणि मोठ्यांचे चेहरे पडतात. मग म्हणाल्या की छताचं काम परत काढायचंय, वरचे शिशाचे पत्रे बदलायचे, पैसे जमवतोय. या चर्चना सरकार सांभाळत नाही, गावच सांभाळतं, जॅम विकून, जुनी पुस्तकं विकून, उन्हाळ्यात गाण्याचे कार्यक्रम करून. बाहेर मनोऱ्यावरून आवाज आला, च्याक च्याक. त्यांनी वर न बघताच मान हलवली, भाडं थकवलेल्या बिऱ्हाडाबद्दल हलवावी तशी.

गाडीत बसून आईला फोन लावला. पितृपक्ष चालू होता, त्या दिवशी बाबांची तिथी, हे मला लावल्यावर आठवलं. वहिनीने उचलला, म्हणाली आई गच्चीवर आहेत, देते. पायऱ्या चढल्याचा आवाज, धाप, मग आई. मी म्हटलं, आई एक सांगायचंय, ते देवदूतांचं, ते शिपायांनी नव्हतं केलं. कावळे होते. म्हणजे कावळ्यांना मारायला गावातल्याच लोकांनी गोळ्या घातल्या, त्या देवदूतांना लागल्या.

बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कटला.

"कावळ्यांना गोळ्या?" म्हणाली. मग म्हणाली, "देवळात घाण करत असतील, काय करणार. मी पण वाळवणावर बसले की दगड मारलेत." मी म्हटलं, आता भिशीत काय सांगशील? "काही नाही सांगणार. वहिनींच्या नणंदेपर्यंत गेलीय ती गोष्ट, कुणाकुणाला परत बोलवू? तू सांग तुला सांगायची तर." मग एकदम तिचा आवाज बदलला, कुजबुजली, "थांब, बोलू नको. मघापासून वाट बघतेय, पान तसंच पडलंय. आलाय एक कठड्यावर."

मी बोलले नाही. फोनमधून पंखांचा आवाज आला, की नुसता वारा होता, सांगता येत नाही. माझ्या गाडीच्या बाहेर मनोऱ्यावरचे ते राखाडी मानेचे खाली कबरींवर उतरून गवतात काहीतरी टोचत होते.

"शिवला का?" मी विचारलं.

"शू," आई म्हणाली.